डनमोरचा दम

मित्रांनो, टेनर सॅक्सोफोन म्हणून मी फार वर्षे जगलो. माझ्या पितळेवरची चकाकी कधीच उडाली, त्याचे मला दुःख नाही. पण माझ्या धन्याविषयी एक खोटे वाक्य अजून छापले जाते. त्याचा मला संताप येतो, म्हणून आज बोलतो.

अमेरिकेतल्या एल्कहार्ट गावच्या कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने पत्रा ठोकून मला आकार दिला. तिथून पिट्सबर्गला आलो आणि क्लीओफस डनमोरच्या गळ्यात पडलो. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. दिवसा हॉटेलात भांडी घासायचा. संध्याकाळी त्याची थोरली बहीण व्हर्ना इस्त्री करताना गाण्यांचे शब्द म्हणून दाखवी. ते पाठ झाल्याशिवाय तो मला तोंड लावत नसे.

"शब्दच ठाऊक नाहीत, तर मी वाजवू काय, ताई?" तो म्हणायचा.

त्या काळी सगळे वादक वाऱ्याच्या वेगाने वाजवत. क्लीओला मात्र संथ गाणी आवडायची. अशा चार गाण्यांची रेकॉर्ड करायचे ठरले. पण त्याच आठवड्यात त्याची आई गेली. मंगळवारी तिला पुरले आणि गुरुवारी आम्ही स्टुडिओत उभे राहिलो.

तिसऱ्या गाण्यात एक ओळ 'आई' या शब्दावर संपते. क्लीओने छातीभर श्वास घेतला, बोटे बरोबर जागी ठेवली आणि ओठ सैल सोडले. माझ्यातून नुसता श्वास गेला, सूर निघाला नाही. मग तो शांतपणे पुढच्या ओळीवर गेला.

"पुन्हा घ्यायचं का?" यंत्रावरच्या माणसाने विचारले.

"नको. असंच राहू द्या."

रेकॉर्ड बाजारात आली आणि वस्तीच्या वर्तमानपत्रात पेटिग्रू नावाच्या समीक्षकाने लिहिले, "डनमोरचा दम तोकडा आहे. जलद जमत नाही म्हणून तो संथ वाजवतो. तिसऱ्या गाण्यात तर सूरच विसरला."

दम तोकडा! ज्याचा एकेक श्वास मी पोटात घेतला, त्याचा दम मला माहीत की खुर्चीत बसून पेन चावणाऱ्याला? पण लोकांनी छापलेले खरे मानले. दुकानदारांनी रेकॉर्ड परत पाठवल्या. क्लीओने मला पेटीत घालून पलंगाखाली सरकवले. दोन महिने मी तिथे धूळ खात होतो.

पुढचे मला क्लीओच्या मित्रांच्या तोंडून कळले. एका शनिवारी व्हर्ना रेकॉर्ड घेऊन लेमुएल न्हाव्याच्या दुकानात शिरली. पेटिग्रू तिथे दाढीला बसला होता. तोंडाला सगळा साबण.

"बाई, हे पुरुषांचं दुकान आहे," तो म्हणाला.

"माहितेय. तुम्हाला साबणासकट पळता यायचं नाही, म्हणूनच आले. लेमुएल, तुझ्या ग्रामोफोनवर लाव ही."

"लावतो की! आणि साहेब, हलू नका हं, वस्तरा माझ्या हातात आहे," लेमुएल म्हणाला. दुकान खो खो हसले.

तिसरे गाणे सुरू झाले तेव्हा मात्र कुणी हसत नव्हते. ती ओळ आली.

"बघा, इथेच चुकला," पेटिग्रू म्हणाला.

"त्या जागी कुठला शब्द आहे?" व्हर्नाने विचारले.

पेटिग्रूने साबणाआडून लेमुएलकडे पाहिले.

"'आई' आहे तिथे. हे वाजवायच्या दोनच दिवस आधी तिला मातीत ठेवून आला होता माझा भाऊ. नीट ऐका, श्वास ऐकू येतो त्याचा."

लेमुएलने सुई उचलून मागे ठेवली. सगळ्यांनी तो श्वास ऐकला.

"मला... शब्द ठाऊक नव्हते," पेटिग्रू पुटपुटला.

"मग विचारायचं होतंत! जिभेला काय झालं होतं?"

"पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापतो."

पुढच्या आठवड्यात त्याने एका टोपीवाल्या गायिकेवर लिहिले. दुरुस्ती कधीच छापली नाही. निर्लज्ज!

पण त्या शनिवारी दुकानातली सगळी माणसे, काही अर्धवट भादरलेली, तशीच क्लीओच्या दारात आली. पोलादाच्या भट्टीवर काम करणारा एक दांडगा माणूस म्हणाला, "बाबा रे, माझीही आई गेलीय. वाजव ना ते." क्लीओने मला बाहेर काढले. त्यानंतर चाळीस वर्षे त्याने संथ गाणी सोडली नाहीत.

आता तो नाही. मी एका संगीत महाविद्यालयात काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे: 'सुरुवातीच्या संथ रेकॉर्डमध्ये दम तोकडा.' कुणीतरी जुन्या कात्रणावरून उतरवले आहे. रेकॉर्ड त्याच इमारतीत, दोन मजले खाली आहे, तरी ऐकायला कुणी गेले नाही!

मित्रांनो, तुम्ही तरी जा. ती चारही गाणी शेवटपर्यंत ऐका आणि मग ती पाटी काढायला लावा. जमले तर माझ्या भोकांवरच्या झाकणांखालची वाळलेली चामडी बदला आणि मला कुणाच्या तरी हाती द्या. मला अजून वाजायचे आहे.