पहिल्या खड्ड्यापाशी

मी एक जुना व्हिडिओ गेम बोलतोय. राखाडी कॅसेटमध्ये राहतो. माझ्यात तलवार घेतलेला एक शिलेदार आहे, किल्ला आहे, शेवटी आग ओकणारा ड्रॅगन आहे. सगळं नीट सांगता येईल की नाही, शंकाच वाटते. मला बोलायची सवय नाही, माणसांना हरवायची आहे.

मुलांनी हरावं, चिडावं आणि पुन्हा खेळावं म्हणून मला घडवणाऱ्यांनी सुरुवातीलाच एक खड्डा ठेवला. डाव्या अंगठ्याने शिलेदाराला पळवायचं, उजव्याने बटण दाबून उडी मारायची. दाबलं नाही की तो खाली जातो आणि एक खुशालचेंडू धून वाजते. ती तिथे का ठेवली, मला अजून कळलेलं नाही.

या घरातल्या मुलाने मला शेवटपर्यंत खेळून संपवलं आणि माळ्यावर टाकलं. बऱ्याच वर्षांनी त्यानेच खाली काढलं, वडिलांसाठी.

वडील टायपिंगचे सर. क्लासमध्ये बोट चुकलं की पट्टी मारायचे, आणि घरी बायकोलाही तीच शिस्त. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला, जीभ जड झाली. टोमणे मात्र शाबूत राहिले. व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने बटणं दाबायचा सराव सांगितला होता. मुलगा म्हणाला, महिन्याभराने येऊन बघतो. अंगठा हलायला लागला असेल तर बाबा घरीच राहतील, नाहीतर संस्थेत ठेवू, आईच्याने आता त्यांना उचलवत नाही.

सरांना घर सोडायचं नव्हतं. रोज दुपारी त्यांची बायको, या घरच्या बाई, त्यांचा उजवा पंजा बटणांवर ठेवायच्या आणि खालून आपल्या हाताचा आधार द्यायच्या. शिलेदार धावायचा, पडायचा. धून वाजायची. सर म्हणायचे, "धड धरताही येत नाही तुला."

एके दिवशी शिलेदाराने खड्डा ओलांडला. बाईंनी सरांच्या अंगठ्यावर आपला अंगठा हलकेच दाबला होता.

"बघितलंस?" सर म्हणाले. "याला हात म्हणतात. तुझ्यासारखं लाकूड नाही."

बाई हसल्या. पुढे रोज दाबत राहिल्या. शेजारणीला सर अभिमानाने सांगायचे, सुधारतोय मी, हिच्याकडून काही मदत नाही म्हणून वेळ लागतोय. बाई तिथेच चहाच्या कपबशा उचलत असायच्या.

ठरल्याप्रमाणे मुलगा आला आणि खुर्चीमागे उभा राहिला. "दाखवा बाबा."

बाईंनी नेहमीसारखा हात धरला. सर मुलाला म्हणाले, "हिला जरा लांब बसव. हिच्या हाताला घाम येतो, घाण वाटते."

"असू दे बाबा. खेळा तुम्ही."

शिलेदार धावला. खड्डा जवळ आला. बाईंनी अंगठा अलगद उचलून घेतला.

धून वाजली. पुन्हा धावला, पुन्हा पडला. शेवटचा जीव उरला तेव्हा सरांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं आणि जड जिभेने, अगदी हळू म्हणाले, "दाब ना."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

"काय म्हणतायत गं?" मुलाने विचारलं.

"कळत नाही रे," बाई म्हणाल्या. "हल्ली असंच काहीतरी पुटपुटतात."

त्याच आठवड्यात सरांना संस्थेत नेलं.

मी अजून टीव्हीखालीच आहे. जेवणं उरकली की बाई एकट्याच खेळायला बसतात. दोन्ही अंगठे वेगात चालतात, खड्डा तर त्या न बघता ओलांडतात. काल ड्रॅगनपर्यंत पोचल्या. तेवढ्यात संस्थेतून फोन आला. सर जेवत नाहीत, तुमचं नाव घेतात, एकदा येऊन जा.

"बघते," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मधल्या वेळात शिलेदार जळून गेला होता. त्यांनी मला पहिल्यापासून सुरू केलं.

तुमच्यापैकी कोणी या घरी आलंच, तर कृपा करून मला पुन्हा माळ्यावर टाका.