आवाज गाळायचं बटन

आमची पुष्पी भाकरी कानानं भाजती. काचबिंदूनं तिच्या दोन्ही डोळ्यांतला उजेड नेला, आता तिला निस्त्या सावल्या दिसत्यात, आन मानूस कळतं ते आवाजावरून. पर हाताला समदं पाठ हाय. पीठ मळती, थापती, तव्यावर टाकती, मंग मान वाकडी करून कान लावून बसती, आन भाकरीनं फुस्सकन उसासा टाकला की तिला पलटती. ह्याचा विडिओ आमच्या सुनंनं, सुरेखानं, मोबाईलवर टाकला, तर कुठून कुठून लोकं लिहाया लागली की आजी, भाकरीचा आवाज ऐकून झोप लागती. मधीच एखादा लिही, मागून बोलनारं ते म्हातारं लई चाबरं हाय, त्याला हाकलू नका.

ते चाबरं म्हातारं म्हंजी मी, पुष्पीचा नवरा. चुलीच्या डाव्या अंगाला पाट टाकून बसायचं आन पुष्पीची खोडी काढायची, एवढंच माझं काम.

"पुष्पे, ही भाकरी हाय का जालन्याचा नकाशा?"

"तोंडावर बसली म्हंजी कळंल तुमाला, आष्टी कुठं आन परतूर कुठं."

दुसऱ्याचा आवाज काढायचा नाद मला ल्हानपनापासून. लाईनमन होऊन दारातून "मीटर दावा" म्हनायचं, तिच्या आष्टीच्या भावाचा, काकासाहेबाचा, घोगरा आवाज काढून "बाई, पानी आन गं" म्हनायचं. पुष्पी अर्धी उठायची आन परत बसायची. "गुमान बसा. दादाच्या नरड्यात तुमीच बसलेले कळून राह्यले मला." कंच्याबी आवाजाखाली मी दडलो तरी ती मला हुडकून काढायची. गोडीगुलाबीचं बोलनं मला कधी जमलं न्हाई. ती अशी हुडकायची, त्यातच आमचं समदं येऊन जायचं.

हिवाळ्यात वारं सुटलं आन विडिओत भाकरीच ऐकू येईना. निस्तं भूं भूं. म्हनून मी आन सुरेखा तीर्थपुरीहून बस धरून नवीन जालन्याला माईक घ्यायला गेल्तो. दुकानदार आदिनाथ, बोलायला मोठा गोड पोरगा, त्यानं काचंवर तीन माईक मांडले. एक वायरवाला, पदराला लावायचा. पर त्यात बांगड्या वाजत्यात, पदर घासला की खरखर येती. दुसरा लांबडा, त्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपी, जसं मुंगसाचं पिल्लूच. तो जवळ धरावा लागतो, आन चुलीजवळ धरला तर पिल्लू जळनार. तिसरा बोटाच्या पेराएवढा, बिनवायरचा, एका डबीत दोन. तोंडाच्या वीतभर खाली लावायचा, आन अंगाला एक बटन.

"हे दाबलं की मधला समदा कचरा गाळून टाकतो," आदिनाथ म्हनला. "वारं, पंखा, गाडी. निस्तं कामाचं तेवढं राहतं."

सुरेखानं तोंडाला पदर लावला. "भाऊ, आमच्या मामाचं नावच कचरू हाय."

माझ्या आधीची लेकरं मायची जगत न्हवती, म्हनून मला जन्मल्याबरूबर उकिरड्यावर ठेवून परत उचलला आन हे नाव ठेवलं, की वरून न्यायला येनाऱ्याला वाटावं, हा कचरा हाय, ह्याला काय न्यायचं. मी बोल्लो, "मंग लेका, तुझ्या डबीत मीच गाळला जाईन की!"

"बाबा, माईकला नाव थोडंच कळतं," तो हसला, आन आमी तोच बिनवायरचा घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोसंबीच्या बागंवर धुकं आसं बसल्तं की झाडं पान्यात उभी वाटत व्हती, आन चुलीचा धूर वर जायचं सोडून आमच्या मांडीवरच लोळत व्हता. पुष्पीच्या झंपराला, गळ्याखाली, माईक लावला. मी रोजच्यासारखा बोलत ऱ्हायलो, ती रोजच्यासारखी टोमने देत ऱ्हायली. मंग सुरेखानं विडिओ लावला आन आमी कान देऊन बसलो. काय सांगू, थापायचा आवाज आसा साफ की कुनी कानातच भाकरी थापून राह्यलंय. वारं न्हाई, मोटार न्हाई, कोंबडी न्हाई. आन मीबी न्हाई. पुष्पी बोलत व्हती, हसत व्हती, मधी थांबत व्हती, आन त्या थांबन्यात काईच नव्हतं.

"बटन जास्त झालं वाटतं, मामा," सुरेखा म्हनली. बटन बंद करून परत विडिओ काढला. वारं आलं, मोटार आली, कोंबडीसुदीक आली. मी आलो न्हाई. डबीतला दुसरा माईक माझ्या बंडीला लावला, तरीबी न्हाई. मंग मी सहज काकासाहेबाच्या आवाजात "बाई, पानी आन गं" बोल्लो, आन ते घनघनीत आलं. कावळा काढला, कावळा आला. मेलेल्या भिवा गुरवाचा चिरका आवाज काढला, त्योबी आला. म्हनलं, जन्मभर म्या लोकाला फशिवलं, ही डबी माझी गुरू निघाली. लई हसलो.

दोन-चार रोज गेल्यावर मी पाटावरून म्हनलं, "पुष्पे, च्या टाक." ती चुलीकडं तोंड करून तशीच बसली. परत म्हनलं, मोठ्यानं म्हनलं. तिच्या तोंडावरची सुरकुतीसुदीक हलली न्हाई. मला वाटलं, ही आता माझीच खोडी माझ्यावर उलटवून राह्यली. म्हनून काकासाहेबाचा आवाज काढला.

ती उठली. भिंत चाचपत पान्याचा तांब्या घेऊन आली. "कवा आलास रे दादा? वैनी बरी हाय का?"

मी तिच्या तोंडाकडं बघत ऱ्हायलो, की आता हसंल, आता म्हनंल गुमान बसा. ती तांब्या धरून उभी. शेवटी मी तिच्या भावाच्या आवाजात म्हनलं, "बरी हाय," आन पानी पिलो.

तवापासून समदे आवाज माझ्याकडं व्हते, एक सोडून. लाईनमन म्हनून च्या मागायचा, भिवा म्हनून भाकरी. भिवाचा आवाज ऐकून ती जराशी दचकायची, पर वाढायची. सुरेखाला आधी मी ऐकू यायचो, मंग दोनदा बोलावं लागायचं, मंग ती माझ्या व्हटाकडं बघू बघू समजून घ्यायची, मंग बघायचीबी न्हाई. माईकची डबी मी ज्वारीच्या कनगीत खोल पुरून टाकली. फरक पडला न्हाई. बांधावर जाऊन मी माझं नाव घेऊन पाहायचो. मला बराबर ऐकू यायचं, पर हलकं, जसं पल्याडच्या वावरात कुनी कुनाला बोलवून राह्यलं.

एका सकाळी मी मोसंबीत उभा व्हतो. वारं पडल्तं, ऊन कवळं व्हतं, पानापानातून पानी टिपकत व्हतं. चुलीकडून पुष्पीचं हसू आलं. कैक दिवसांनी आलं, आन माझ्या पायाला आपसूक वाट फुटली. जवळ गेलो तर बोलनंबी ऐकू आलं.

"पुष्पे, धूर लागतो का गं डोळ्याला? सरक जराशी, मी फुकतो."

आवाज माझा व्हता. हुबेहूब. निस्ता खोडी काढत न्हवता. म्या जन्मात कधी बोल्लो न्हाई ते समदं तो सावकाश, मायेनं बोलत व्हता, आन पुष्पी नव्या नवरीवानी मान खाली घालून "ऱ्हाऊ द्या हो" म्हनत व्हती. सुरेखा मोबाईल धरून गालातल्या गालात हसून राह्यली व्हती, मोबाईल पाटाकडं वळवलेला. पाटापुढं ताट वाढलेलं. पाटावर कोनी न्हवतं.

मी दारात उभा ऱ्हायलो. काकासाहेब न्हाई, भिवा न्हाई, कोनीच न्हाई, हुता तेवढा जीव गोळा केला आन म्हनलं, "पुष्पे, मी हाय. कचरू."

ह्या येळेला तिनं ऐकलं. तिचा थापता हात थांबला. तिनं मान वळवली, तशीच वाकडी, जशी भाकरीला कान लावती तशी, आन माझ्या आवाजाखाली कोन दडलंय ते हुडकत बसली.

मंग ती हसली.

"पाव्हनं, नक्कल लई बराबर करता तुमी. मी फसलेच व्हते. पर आमचे हे जेवून राह्यले, तुमी जरासं भाईर बसा."

तिनं तव्यावरची भाकरी काढली, हातानं ताट चाचपलं आन त्यात अल्लाद सोडली. आन रिकाम्या पाटावरून त्या गरम भाकरीचा कोर मोडल्याचा आवाज आला, आसा साफ, की दारापातूर ऐकू आला.