लाकडी पायांतले विष

पाणीदादांनी टबावरची पांढरी चादर झटक्यात ओढली आणि सभागृहातल्या दीडशे माणसांच्या तोंडून एकदम "आई गं!" निघाले. पंधरा मिनिटांपूर्वी टबात नळाचे स्वच्छ पाणी होते. आता ते इतके तपकिरी झाले होते की त्यात पाय बुडवून बसलेल्या निवृत्त पोस्टमनना स्वतःचे घोटेही दिसेनात. वर फेस आणि फेसात काळे कण.

"हे काय आहे?" दादांनी माइकमधून विचारले.

"विष!" सभागृह ओरडले.

"कुठून आलं?"

"पायांतून!"

"आणि डॉक्टर काय देतात?"

"आणखी विष!"

शाळेत असताना या मंडळींचे पाढे इतके पाठ असते, तर मास्तरांचे घसे वाचले असते. दादांच्या हातात रंगांचा एक तक्ता असे. तपकिरी म्हणजे यकृत, हिरवट म्हणजे सांधे, काळे कण म्हणजे रक्त आणि फेस म्हणजे मनात साठलेला राग. फेस प्रत्येकाच्याच टबात येई, त्यामुळे रागातून कुणीच सुटत नसे. टबात धातूच्या दोन कांड्या आणि त्यांना वायरने जोडलेली एक लुकलुकणारी पेटी असे. तिचे नाव 'शुद्धियंत्र'. ते सुरू करण्याआधी दादांचा मदतनीस डब्यातून चमच्याने 'भारलेले मीठ' पाण्यात घाली. सत्र संपेपर्यंत गुडघ्यांवरची चादर मात्र हलवायची नाही. विष लाजाळू असते, कुणी बघत असले की बाहेर येत नाही, असे दादांचे संशोधन होते.

मागच्या दाराशी खांबाला टेकून आरोग्य केंद्रातली दुभाषी हे सगळे बघत होती. तिच्या कपाळावरची आठी जात नव्हती, कारण पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई बसल्या होत्या.

सासूबाईंना मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली होती. दादांच्या टबात त्यांनी सात वेळा पाय घातले आणि दर वेळी पाणी आधीपेक्षा फिके निघाले. पहिल्यांदा काढ्यासारखे, मग चहासारखे, मग चहात दूध जास्त झाल्यासारखे. "विष संपत आलं, आता ती सुई कशाला?" असे दादा म्हणाले आणि तीन आठवडे इन्सुलिन फ्रीजमध्ये पडून होते. त्यातच डाव्या पायाच्या अंगठ्याला फोड फुटून जखम झाली होती. सून बघायला गेली की त्या मोजा वर ओढून म्हणत, "दुखत नाही ना? मग झालं!"

दुखत नव्हते याचीच दुभाषीला धास्ती होती. मधुमेहात पाय बधिर होतो, जखम आतल्या आत चरत जाते आणि कळते तेव्हा पाय कापण्याची गोष्ट निघते. केंद्रात तसे दोन पाय तिने पाहिले होते आणि त्या दोन घरांना ती बातमी तिच्याच तोंडून गेली होती.

तिचे कामच ते. बाजाराच्या अलीकडच्या वस्तीची भाषा एक, पलीकडच्या वस्तीची दुसरी. डॉक्टर अलीकडचे, निम्मे पेशंट पलीकडचे आणि मधे ही. कामाचा नियम एकच होता. बोलले जाईल ते सगळे सांगायचे, पदरचे घालायचे नाही, त्यातले गाळायचे नाही, आणि बोलणारा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचे.

मंचामागे टांगलेले भले मोठे चित्रही तिनेच काढलेले होते, हे म्हणजे जखमेवर मीठ. गेल्या वर्षी तिने दोन्ही वस्त्यांना कळावे म्हणून बिनशब्दांचा तक्ता केला होता. पाय धुवा, कोरडे पुसा, तळवे तपासा, इन्सुलिन घ्या, जखम दिसली तर केंद्रात या, अशी पाच चित्रे. चित्र स्वतःच बोलेल अशा भरवशावर तिने तो भिंतीला चिकटवला आणि त्याच्याशेजारी एक दिवसही उभी राहिली नाही. दादांनी पहिले चित्र ठेवले, उरलेली चार कापून टाकली आणि खाली आपला फोटो लावला. "सरकारी दवाखानासुद्धा हेच सांगतोय," असे ते बेलाशक म्हणत. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही, ते हे असे.

सत्र संपल्यावर दादांनी तिला गाठलेच.

"ताई, येत्या रविवारी आपला कार्यक्रम घरोघरी मोबाइलवर थेट दिसणार आहे. तुमच्या सासूबाईंचं आठवं सत्र. पाणी स्वच्छ निघणार आणि त्या सगळ्यांसमोर सांगणार, मी सुई सोडली म्हणून. पलीकडच्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगायला तुम्ही हव्यात. केंद्रातला ओळखीचा चेहरा, लोकांचा विश्वास बसतो."

"मी विचार करून सांगते," ती म्हणाली. खरे तर तिला त्यांच्या डोक्यावर टब उपडा करायचा होता.

घरी सासूबाईंपुढे तिने हात जोडले. "आई, अहो, ती सुई आहे म्हणून तुम्ही आहात."

"तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही," सासूबाई म्हणाल्या. "दादा माझ्या पायाशी बसतात, अर्धा तास बोलतात. तुमच्या डॉक्टरनं कधी मान वर करून बघितलंय?" आणि त्या आत निघून गेल्या.

सासरे कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांचे बूट-चपलांचे दुकान होते आणि तोंडात चार खिळे धरून काम करायची सवय असल्यामुळे ते मुळातच कमी बोलत.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "परवा हिला आणायला गेलो तेव्हा मी त्या पाण्यात बोट बुडवून बघितलं. माझ्या खिळ्यांच्या डब्यात पाणी शिरलं की हाच रंग येतो. विषाशी माझी ओळख नाही, पण गंजाशी चाळीस वर्षांची आहे."

"म्हणजे त्या कांड्या?"

"लोखंडाच्या. वीज लागली की भराभर गंजतात. पण नुसत्या पाण्यात वीज नीट वाहत नाही, मीठ लागतं. तो पोरगा पहिल्या दिवशी हिच्या टबात चार चमचे घालत होता. परवा एकच घातला."

दुभाषी क्षणभर थक्क झाली. "मग मीठ कमी केलं की आजार कमी! बाबा, हे आत्ता आईंना सांगू या."

"आपण सांगून तिला पटेल?"

"नाही," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघावं लागेल."

सासरे उठून फळीपाशी गेले. तिथे लाकडी फर्मे रांगेत ठेवलेले होते, म्हणजे बूट ज्यांच्यावर चढवून शिवतात ते लाकडाचे पाय. त्यांनी त्यातली एक जोडी उचलली, फडक्याने पुसली आणि म्हणाले, "मलापण जरा थकवा वाटतोय. दादांना सांग, नवा पेशंट येतोय."

दुभाषीने दादांना होकार कळवला, पण एक अट घालून. "मंचावर जे बोललं जाईल ते सगळं मी सांगणार. न घालता, न गाळता. माझा नियम आहे."

"अहो, तेच तर हवंय!" दादा खूश झाले.

रविवारी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. उजवीकडे अलीकडचे, डावीकडे पलीकडचे, मधे तिकाटण्यावर मोबाइल. मंचावर दोन खुर्च्या. एकीत सासूबाई, जखम दिसू नये म्हणून डाव्या पायातला मोजा तसाच ठेवून, दुसरीत सासरे. मदतनिसाने सासूबाईंच्या टबात मीठ घालण्याचे नुसते नाटक केले, सासऱ्यांच्या टबात चार चमचे भरून घातले आणि दोघांच्या गुडघ्यांवर चादरी पसरल्या. चादरीखाली सासऱ्यांनी आपले पाय खुर्चीमागे घेतले आणि कोटाच्या खिशांतले फर्मे अलगद टबात सोडले. एकेक फर्मा खाली दाबून धरताना ते पाठ दुखत असल्यासारखे वाकले होते. दादांनी माइकवर सांगितले, "बघा, विष कसं कळवळून बाहेर येतंय!" आणि दुभाषीने ते जसेच्या तसे पलीकडच्या भाषेत सांगितले.

पंधरा मिनिटे झाली. आधी सासूबाईंची चादर निघाली. पाणी नितळ. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"सांगा आई, सगळ्यांना सांगा," दादांनी माइक पुढे केला.

"मी इन्सुलिन सोडलं," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "मला आता त्याची गरज नाही."

नियम तो नियम. दुभाषीने 'मी' म्हणूनच ते वाक्य पलीकडच्या लोकांना सांगितले. डाव्या बाजूच्या एका आजींनी आपल्या पिशवीतली औषधाची पट्टी काढून शेजारणीला दाखवली आणि परत आत टाकली.

आता दादा सासऱ्यांकडे वळले. नजर मोबाइलवर, हात चादरीवर. चादर निघाली, पाणी मातकट काळे. सासरे अजून पुढे वाकलेले होते, त्यामुळे खुर्चीमागचे पाय त्यांच्या लांब कोटाआड झाकलेले राहिले.

"अरे बापरे! काका, यकृत पार गेलंय! काळे कण म्हणजे रक्त अशुद्ध. आणि हा फेस बघा, किती राग भरलाय या पायांत!"

"पायांत?" सासऱ्यांनी विचारले.

"पायांत!"

सासऱ्यांनी टबात हात घातला आणि दोन्ही लाकडी पाय वर काढून धरले. पाणी टपटप गळत होते. "यांना राग येत असेलही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी यांच्यावर खिळे ठोकतोय. पण यकृत कुठे असतं यांचं?"

दादांनी माइक खाली केला आणि मदतनिसाच्या कानाशी लागून ते काहीतरी पुटपुटले. दुभाषी शेजारीच उभी होती. तिने आपला माइक तोंडाशी नेला आणि पलीकडच्या भाषेत खणखणीत आवाजात सांगितले, "मशीन बंद कर. मिठाचा डबा उचल, आधी मिठाचा डबा उचल."

डावी बाजू हसून लोटपोट झाली. उजवी बाजू विचारू लागली, "काय म्हणाले? काय म्हणाले?" ज्यांनी आयुष्यात कधी एकमेकांशी दोन शब्द बोललेले नव्हते, ती माणसे खाणाखुणांनी चमच्याने मीठ घालून दाखवू लागली.

"अहो, हे कशाला सांगताय?" दादा चिडून म्हणाले.

"अहो, हे कशाला सांगताय?" दुभाषीने पलीकडच्यांना सांगितले.

"गप्प बसा हो बाई!"

तेही तिने सांगितले. दादांच्या तोंडचे पाणी पळाले. मदतनीस डबा घेऊन निघाला होता, पण पोस्टमननी वाटेत पाय आडवा घातला आणि डबा सासऱ्यांच्या हातात आला.

"अगं, पाय वर घे," सासरे बायकोला म्हणाले. सासूबाईंनी यंत्रासारखे पाय उचलले. सासऱ्यांनी त्या नितळ पाण्यात चार चमचे मीठ घातले आणि कांड्या तशाच ठेवून पेटीचे बटण दाबले. सगळे मंचाभोवती गोळा झाले. काही मिनिटांत एका कांडीपासून तपकिरी धूर निघाल्यासारखा रंग सुटू लागला, फेस आला, कण आले. टबात कुणाचाही पाय नव्हता.

सासूबाई त्या पाण्याकडे टक लावून बघत राहिल्या. गर्दीत दादा कधी सटकले ते कुणाच्या लक्षातही आले नाही. मग सासूबाईंनी स्वतःच्या हाताने डाव्या पायातला ओला मोजा काढला. अंगठा काळानिळा पडला होता आणि कडेने पू धरला होता. पुढच्या रांगेतल्या माणसांनी तोंडे फिरवली. दुभाषीला रडू आवरेना.

"रडतेस काय, माइक दे," सासूबाई म्हणाल्या. "मी इन्सुलिन सोडलं, तो मूर्खपणा होता. माझा पाय सडतोय आणि मला कळलंसुद्धा नाही. आता मी केंद्रात निघालेय. ज्यांनी ज्यांनी औषध सोडलंय त्यांनी लाज बाळगू नका, माझ्याबरोबर चला. मीही लाजत नाहीये."

दुभाषीने डोळे पुसत पुसत शब्दन् शब्द सांगितला. पिशवीत पट्टी ठेवणाऱ्या आजी पहिल्या उठल्या. मग अलीकडचे चार, पलीकडचे सात.

सुट्टीचा दिवस असून डॉक्टर धावत केंद्रात आले. त्यांनी जखम धुतली, साखर तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. "आणखी आठ दिवस गेले असते तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता," ते म्हणाले. "आत्ता अंगठा वाचवायचा प्रयत्न करू. पण आजी, तुम्ही इतक्या समजूतदार, तुम्ही कशा फसलात?"

"डॉक्टर, आपली भाषा एकच आहे ना?" सासूबाईंनी विचारले. "मग अकरा वर्षांत एकदा तरी सांगितलंत का, की माझा पाय बधिर होणार म्हणून? मी आले की तुम्ही कागदावर बघता, लिहिता आणि पुढच्याला हाक मारता. तो लबाड होता, पण माझा पाय हातात घेऊन बसायचा."

डॉक्टरांनी स्टूल ओढले, सासूबाईंचा पाय मांडीवर घेतला आणि बोटे एकेक करून उघडून दाखवत समजावू लागले. बाहेरच्या बाकावर बारा माणसे थांबली होती आणि दुभाषी दाराशी उभी राहून डॉक्टरांचे प्रत्येक वाक्य त्यांतल्या पलीकडच्यांना त्यांच्या भाषेत सांगत होती. शेवटी अंगठा वाचला, नख मात्र गेले.

तेव्हा मंडळी, पाण्याचा रंग बदललेला कुणी दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी एवढेच म्हणा, "आता पाय बाहेर काढून दाखवा." खऱ्या औषधाला असल्या प्रश्नाची भीती नसते, लबाडाला मात्र घाम फुटतो. प्रश्न विचारल्याने श्रद्धेचे काही बिघडत नाही आणि न विचारल्याने पाय जातो. आणि ज्यांना उत्तर ठाऊक आहे, त्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि आमच्या दुभाषीसारख्या माणसांनी ते भिंतीला चिकटवून निघून जाऊ नये. समोरच्याच्या भाषेत, त्याच्या शेजारी बसून, त्याला पटेपर्यंत सांगावे.