गठ्ठ्याच्या तळाशी

“ताई, खरं सांगा. आमचा अर्ज हरवलाय ना?”

जाळीच्या खिडकीला कपाळ टेकवून शिंप्याची बायको विचारत होती. सलग बाराव्या दिवशी!

“अहो, अकरा वर्षांत या टेबलावरून टाचणीसुद्धा हरवली नाही,” आत बसलेली कारकूनबाई म्हणाली. “रांगेत आहे. नंबर लागला की पुनर्वसन विभागात खाट मिळेल.”

“कसली रांग? शेजारच्या खाटेवरचे आजोबा आमच्यानंतर आले नि आमच्याआधी गेलेसुद्धा! यांची मूठ आवळत चाललीय, ताई. डॉक्टर म्हणतात, अर्धांगाच्या झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांतच काय ते व्यायाम करून घ्या. त्यातले ऐंशी दिवस गेले. हात गेल्यावर शिंप्याकडे उरतं काय? जीभ? तीही वळत नाही.”

रोज मरे त्याला कोण रडे! कारकूनबाईचे कान असल्या बोलण्याला केव्हाच निबर झाले होते. पण ‘आमच्यानंतर आले’ हे शब्द काही केल्या डोक्यातून हलेनात. ती उठली आणि पत्र्याच्या ट्रेमधला गठ्ठा उपसू लागली. कालचा अर्ज, परवाचा, गेल्या आठवड्यातला... हात खाली जाईल तशा तारखा जुन्या. शिंप्याचा अर्ज सापडला तो पार तळाजवळ. त्याच्याखाली आणखी नऊ.

“मामा, खाटा ठरवणाऱ्या कमिटीपुढे अर्ज कसे नेता हो?” तिने शिपाईमामांना विचारलं.

“कसे म्हणजे? दर गुरुवारी वरचे दहा उचलतो. तुम्हीच सांगितलंत की!”

“आणि नवे आले की मी ठेवते कुठे?”

“वर. कपाटातल्या कपड्यांसारखं! वरचा सदरा रोज अंगात, खालच्याला कसर...”

मामांचं हसू ओठांतच राहिलं.

पूर्वी आठवड्याला जेमतेम सात-आठ अर्ज येत. गुरुवारी ट्रे रिकामा, मग वर काय नि खाली काय! अडीच महिन्यांपूर्वी शेजारचं इस्पितळ बंद पडलं, अर्ज तिपटीने वाढले, आणि ट्रेचा तळ पुन्हा कुणी पाहिलाच नाही. हरवलं काहीच नव्हतं. तिने सगळं नीट जपून बुडवलं होतं.

आज गुरुवारच होता. कमिटी बसायला वीस मिनिटं. तिने अख्खा गठ्ठा उलटा केला, वरचे दहा अर्ज काढले आणि स्वतःच घेऊन गेली.

“हे काय? सगळे जुनेपुराणे?” मोठे डॉक्टर वैतागले.

“चूक माझी आहे, सर. मी नवे अर्ज वर ठेवत गेले.”

दहापैकी चौघे वाट बघून घरी गेले होते. दोघे घरी गेले नव्हते, आता कुठेच नव्हते. उरले चार आणि त्या दिवशी रिकाम्या खाटाही चार.

निरोप द्यायला ती वॉर्डात गेली. शिंप्याची बायको नवऱ्याच्या आवळलेल्या मुठीत बोट घालून ती उकलू पाहत होती. उशाशी त्याचं शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान ठेवलेलं. कारकूनबाईबरोबर आलेली, पुनर्वसन विभागात व्यायाम शिकवणारी मुलगी हळूच म्हणाली, “महिनाभर आधी आणायला हवं होतं. आता बघू, किती उघडते ते.”

“खाट मिळाली?” शिंप्याची बायको हरखून उठली. “लागला एकदाचा नंबर! देव भलं करो तुमचं, ताई.”

“नंबर कधीच लागला होता,” कारकूनबाई म्हणाली. “माझ्यामुळे राहिला.”

ती बाई नुसती खाली बसली आणि तिने पुन्हा मुठीत बोट घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून नवा अर्ज आत आला. कारकूनबाईने तारीख टाकली, दोन्ही हातांनी सगळा गठ्ठा उचलला. जड होता. मामा धावले.

“राहू द्या, मामा,” ती म्हणाली, आणि हनुवटीने गठ्ठा दाबून धरत तिने तो एक कागद तळाशी सरकवला.