क्रेगहॅडीचा उतार

आमच्या क्रेगहॅडी थिसल फुटबॉल क्लबचं मैदान कललेलं आहे. गावाकडच्या गोलकीपरच्या पायाशी असलेला चेंडू रेल्वेकडच्या गोलकीपरच्या डोक्यापेक्षा उंचावर असतो. नाणेफेक जिंकली की आमचा कप्तान आधी चढावर खेळायचं पत्करतो, म्हणजे पाय थकल्यावर सगळा उतार आपला. मध्यंतराला खेळाडू बाजू बदलतात तसे बघणारेही बदलतात. काळ्या राखेच्या वाटेवरून आम्ही सगळे चालत खालच्या गोलमागे जातो.

ती वाट मी वडिलांबरोबर चालत आले, आधी त्यांचा हात धरून आणि शेवटी शेवटी त्यांना हात देऊन. पूर्वार्धात आम्ही तीन गोल खाल्लेले असले तरी ते चालता चालता खिम्याचं पॅटिस खात म्हणायचे, "घाई कुणाला आहे? उतार अजून यायचाय."

फेब्रुवारीत ते गेले. शनिवारी मी अजूनही उजवीकडे एका माणसाची जागा सोडून उभी राहते.

एप्रिलमध्ये क्लबच्या सचिव सेंगा हॅल्डेन यांनी मैदान सपाट करायचा ठराव आणला. रेल्वेपलीकडे नवी घरं होत होती आणि खणलेली माती तिथला बांधकामवाला आमच्या मैदानावर फुकट आणून टाकणार होता. यंदा आम्ही गुणतक्त्यात पहिले होतो, पण असल्या उतारावर वरची लीग आम्हाला घेणार नव्हती. मी विरोध करायचा ठरवलं. घरोघर गेले, दहाबारा जण माझ्या बाजूला आले. सेंगाने मला बेकरीत गाठलं.

"अगं एल्स्पेथ, मागच्या महिन्यात आपल्या कीपरने चेंडू खाली ठेवला, बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि उठतो तो चेंडू पळून गेलेला. यात जपण्यासारखं काय आहे?"

मी हसले, पण मत बदललं नाही. ते मैदान सपाट झालं तर माझ्या वडिलांना मी कुठे उभं करणार होते, हे बेकरीत सांगण्यासारखं नव्हतं.

सभा शनिवारच्या सामन्यानंतर क्लबच्या खोलीत होती. ह्यूई लम्सडेन आधीच कोपऱ्यात बिअर घेऊन बसले होते. वडिलांच्या बरोबरीने खाणीत काम केलेला आणि संघात खेळलेला तो शेवटचा माणूस. त्यांचं मत मी धरूनच चालले होते, तरी विचारावं म्हणून जवळ बसले.

"मी सपाटच्या बाजूने," ते म्हणाले. "तुझा बापही असता."

मी म्हटलं, त्यांना तर उतार आवडायचा.

"आवडायचा? पोरी, तो उतार आम्हीच पाडलाय."

खाणीमुळे जमीन खचली हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला माहीत नव्हतं ते ह्यूईंनी सांगितलं. चर्च आणि शाळा खचू नये म्हणून त्यांच्याखालचा कोळसा काढायचा नाही, असा नियम होता. मैदानही त्यात होतं. मग बाकीचा कोळसा संपत आला. खाणीच्या साहेबांनी क्लबच्या कमिटीला विचारलं, मैदानाखालचा काढू द्या, नाहीतर खाण आत्ताच बंद करतो. कमिटीत सगळ्यात लहान माझे वडील होते, सव्वीस वर्षांचे, संघातले उजव्या बाजूचे सगळ्यात वेगवान खेळाडू. पहिला हात त्यांनी वर केला. गावाला आणखी दोन वर्षं काम मिळालं.

"शनिवारी वर खेळायचं आणि सोमवारी खाली जाऊन तेच पोखरायचं," ह्यूई म्हणाले. "रेल्वेकडचा कोपरा आधी बसला. तुझा बाप, वॉल्टर, पळायचा तोच कोपरा. सपाटीवर त्याला कुणी गाठू शकत नव्हतं गं. उतारावर काय, दगडही पळतो."

वडील मला हे कधी का बोलले नाहीत, असं मी विचारलं.

"मीही त्याला म्हटलं होतं, पोरीला सांग की. तर म्हणाला, तिला ते असंच आवडतं, राहू दे." ह्यूईंनी ग्लास दोन्ही हातांत धरला. "मला मात्र दर वर्षी म्हणायचा, ह्यूई, मी आहे तोवर कुणीतरी माती आणून टाकली पाहिजे."

सेंगाने टेबलावर थाप मारली. सभा सुरू झाली. माझ्या बाजूची माणसं माझ्याकडे बघत होती. बोलायचं सगळं मी पाठ केलेलं होतं. ज्या मैदानावर वडील पळाले ते मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि जे मी पाहिलं त्यावर ते माझ्यासाठी गप्प उभे राहिले होते.

"सपाट करायच्या बाजूने कोण?" सेंगाने विचारलं.

मी हात वर केला. सेंगा मोजता मोजता माझ्यापाशी थांबली.

"तू चुकून तर नाही ना केलास?"

"नाही," मी म्हटलं. "मोज."

ठराव मंजूर झाला. बाहेर आले तेव्हा अजून उजेड होता आणि मैदान रिकामं होतं. कठड्याला टेकून मी डोळे बारीक केले, सपाट गवतावर उजव्या बाजूने पळणारा एक सव्वीस वर्षांचा मुलगा दिसतो का ते बघितलं. जमलं नाही. माती येईपर्यंत थांबावं लागणार होतं.