दाराला पाडलेलं भोक

हॉब शिपायाने थॉमसिनच्या दाराच्या खालच्या फळीला भोक पाडलं. चेटकीण म्हणून कुणाला धरलं की हे भोक पाडायचंच. तिची पाळलेली भुतं जनावराचं रूप घेऊन तिचं रक्त प्यायला त्यातून आत येतात म्हणे. राखणीला बसलेल्यांनी ती पाहिली की चेल्म्सफर्डच्या कोर्टात फास ठरलेला.

थॉमसिनला भुतांची नाही, जिलची भीती होती. बार्लीच्या कापणीत विळ्याने कान तुटलेलं सशाचं पिल्लू तिने चुलीजवळ वाढवलं होतं. आता मोठी झालेली जिल रानात हिंडायची, पण दिवेलागणीला कोबीचं पान खायला घरी यायचीच. ‘आज नको येऊस गं बाई,’ थॉमसिन मनातल्या मनात विनवत होती.

तिला स्टुलावर बसवलं होतं. डोळा लागला की हॉब काठीने ढोसायचा. शेजारची मार्जरी झाडू घेऊन माश्या आणि कोळी मारत होती. मेली तर माशी, निसटली तर भूत, असा त्या राखणीचा अजब न्याय.

"मार्जरी, तुझी सगळी बाळंतपणं मी केली गं. तेवढं भोक बुजव."

"म्हणजे उद्या त्या स्टुलावर मी! नको गं काकी. आणि येणारं कुणी नसेल, तर तू घाबरतेस कशाला?"



उन्हं उतरली. भोकातून एक नाक आत आलं, मागोमाग तुटका कान. हॉबने काठी हाणली, ती जमिनीवर आपटली. मार्जरीचा झाडूही हुकला. जिल खाटेखाली घुसली.

"लागतच नाही हिला! बघितलंस?" हॉब ओरडला.

"अरे मेल्या, ससा आहे तो! साधा ससा! मारला की मरतो. थांब, दाखवते."

थॉमसिन जमिनीवर बसली. "जिल, ये गं. ये माझ्या सोन्या."

जिल आली. थेट मांडीवर चढली आणि पान शोधत तिच्या झग्यात तोंड खुपसून बसली. रश्शासाठी थॉमसिनने जन्मभर ससे मारले होते, पण आज एका झटक्यात मान मोडली नाही. दुसऱ्यांदा पिळावी लागली.

"बघा, मेली," ती हुंदके देत म्हणाली. "हाडामांसाची होती. आता तरी सोडा मला!"

हॉबचा चेहरा पांढरा पडला होता. "आमच्या हाती लागली नाही. तू हाक मारलीस आणि आली."

"आणि नाव घेऊन बोलावलंस गं काकी." मार्जरीही रडत होती. "मी ऐकलं. न्यायाधीशांनी विचारलं तर मला सांगावंच लागेल."

मग हॉब बाकीच्या भुतांची वाट बघत पुन्हा भोकाजवळ जाऊन बसला. थॉमसिनच्या मांडीवर जिल अजून गरम होती.