अक्षरांमागचा आवाज

मार्गशीर्षातली सकाळ सावंतवाडीच्या तळ्यावर उतरते ती पावलं न वाजवता. आधी डोंगरमाथ्यावरचं धुकं दुधाळतं, मग माडांच्या शेंड्यांना सोन्याची किनार लागते, आणि मग कुठे ते निद्रालस, नीलधूसर पाणी हळूच डोळे उघडतं. पाण्यावर ऊन, उन्हावर धुकं, आणि धुक्याला चिरत गेलेली एका खंड्याची निळी रेघ.

त्या तळ्याकाठच्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, गळ्यात निळ्या फितीचा पास घालून, हेमांगी परुळेकर उभी होती. शेजारी तिची लेक जुईली, हातात दिवसभराच्या चित्रपटांची यादी.

गावातल्या काही हौशी माणसांनी चालवलेला हा लहानसा महोत्सव. वर्षातून तीनच दिवस. पण त्या तीन दिवसांत या चिमुकल्या शहरात किती देश येऊन राहायचे! वाळवंटं यायची, बंदरं यायची, अनोळखी शहरांतल्या ओल्या, दिवेलागल्या गल्ल्या यायच्या. आणि वेंगुर्ल्याहून पहिल्या एसटीनं या दोघी मायलेकी यायच्या. सलग सहावं वर्ष होतं हे.

हेमांगीला ऐकू येत नव्हतं.

जन्मापासून नव्हे. चोवीस वर्षं तिनं हे जग कान भरभरून ऐकलं होतं. समुद्राची गाज, सुरूच्या बनातली सळसळ, शाळेतल्या पोरांचा कलकलाट, सगळं. मग पाचव्या महिन्याची गरोदर असताना मेंदूज्वर आला. एकवीस दिवसांनी ताप उतरला, आणि उतरताना जगातले सगळे नाद आपल्याबरोबर घेऊन गेला. पोटातलं बाळ वाचलं. श्रावणात जुईली जन्मली. सुईणीनं बाळ वर उचललं तेव्हा हेमांगीनं पाहिलं ते एक इवलंसं, लालबुंद, उघडं तोंड. त्या तोंडातून काहीतरी बाहेर पडत होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते पोचत होतं. एका तिला सोडून.

तेव्हापासून पंचवीस वर्षं ती त्या आवाजाची वाट पाहत होती.

शाळेतली नोकरी सुटली, नवऱ्याच्या खटपटीनं गावच्या वाचनालयात काम मिळालं. ती ओठ वाचायला शिकली. चेहरे वाचायला शिकली. भिवईची किंचित हालचाल, गालातलं लपवलेलं हसू, डोळ्यांआधी वळणारी मान, यांची एक अख्खी बाराखडी तिनं एकटीनं गिरवली. जुईली बोलू लागली तशी आईसाठी स्पष्ट, सावकाश ओठ हलवायला शिकली, आणि अंधार झाला की आईच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायला. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, जग काय म्हणतंय ते लेक आईला सांगायची.

पण जे कुणाला विचारता येत नाही, ते हेमांगी मनातच विचारत राहिली. कसा असेल हिचा आवाज? कधी तिनं लेकीला कोकिळेचा गळा देऊन पाहिला, कधी देवळातल्या घंटेचा घनगंभीर नाद, कधी पहाटे विहिरीवर कळशी बुडते तेव्हाचा तो ओला, गोल स्वर. एकही त्या ओठांवर बसेना. उसन्या दागिन्यांसारखे ते सगळे आवाज ती पुन्हा उतरवून ठेवायची.

सिनेमा तर तिनं सोडूनच दिला होता. हलणारे ओठ पाठमोरे झाले की गोष्ट तुटायची, आणि तुटलेल्या गोष्टीत बसून राहणं तिला नको व्हायचं. जुईली नर्सिंगला सावंतवाडीला आली, आणि पहिल्याच वर्षी धावत घरी येऊन तिनं आईचे दोन्ही खांदे धरले. "आई, तिथे सगळ्या चित्रपटांखाली इंग्रजी अक्षरं असतात! सगळ्यांसाठी! भाषा कुणालाच येत नाही तिथे!"

भाषा कुणालाच येत नाही. केवढं औदार्य होतं त्या अंधारात! तीनशे माणसं बसलेली, आणि तीनशेही जण तिच्यासारखेच, पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या त्या शुभ्र, क्षणजीवी अक्षरांकडे डोळे लावून. तीन दिवस कुणी तिच्याहून पुढे नसायचं, कुणी मागे नसायचं. हसू एकदमच यायचं सगळ्यांना. डोळेही एकदमच भरायचे.

आणि यंदाचं हे शेवटचं वर्ष होतं. जानेवारीत जुईली जर्मनीला निघाली होती, तिथल्या एका इस्पितळात परिचारिका म्हणून. कागद झाले होते, तिकीट झालं होतं. शेजारणी हेमांगीला म्हणायच्या, "अहो, आता काय, फोन आहे ना!" हेमांगी मान हलवायची. दूर गेलेलं माणूस इतरांना फोनमध्ये सापडतं, कानाशी, श्वासाइतकं जवळ. तिला काय सापडणार होतं? काचेच्या चौकोनात अडखळणारे, पुसट, उशिरा पोचणारे ओठ.

लेकीच्या जाड लोकरी मोज्यांची घडी तिनं तीनदा घातली होती.

दुपारी तीनचा खेळ. दूरच्या कुठल्याशा पहाडी देशातला चित्रपट. पिवळ्याधमक गवताची अफाट कुरणं, त्यावर धावणाऱ्या ढगांच्या सावल्या, एक दगडी घर. घरात एक म्हातारा, त्याची बायको, आणि अंगणात एक आंधळी होत चाललेली तांबूस घोडी. म्हातारा घोडीला मारून टाकायचं म्हणतो. बायको नाही म्हणते. अक्षरं उमटत होती, विझत होती.

आणि अर्ध्या तासाने ती विझली ती पुन्हा उमटलीच नाहीत.

माणसं बोलत राहिली, पडद्याचा तळ काळाच राहिला. सभागृहात चुळबुळ झाली. माना वळल्या, मोबाइलचे दिवे लागले, कुणी उठून मागे गेलं. महोत्सवाचा एक कार्यकर्ता पडद्याजवळ येऊन काहीतरी सांगून गेला. जुईलीनं आईच्या तळहातावर लिहिलं: *अक्षरं नाहीत. चित्रपट असाच चालणार. जाऊया?*

हेमांगीनं लेकीचं बोट मिटून टाकलं. "थांब," ती म्हणाली.

पडद्यावर म्हातारी चुलीपुढे बसून नवऱ्याला काही सांगत होती. हेमांगी जराशी पुढे झुकली. आणि मग अंधारात, स्वतःच्या आवाजाची उंची न कळणाऱ्या त्या बाईनं, आपण कुजबुजतोय असं समजून स्वच्छ सांगितलं, "खोटं बोलतेय ती. घोडी पळाली म्हणून सांगतेय. तिनंच सोडून दिलीय."

आई मोठ्यानं बोलू लागली की मनगट दाबायचं, ही त्यांची जुनी खूण. जुईलीचा हात सवयीनं पुढे झाला. पण तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी वाकून विचारलं, "काय म्हणाल्या?"

जुईलीनं मागे वळून सांगितलं. मागच्या रांगेतल्या बाकीच्यांनीही ऐकलं. त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. दाबायला निघालेला हात तसाच आईच्या मनगटावर विसावला.

"त्याला कळलंय," हेमांगी म्हणत होती. "बघ, भाकरी तोडताना तो थांबला. त्याला कळलंय की ती खोटं बोलतेय. आणि तो तिला बोलू देतोय."

आई सांगायची, लेक मागे वळून सांगायची. आई सांगायची, लेक सांगायची. पिवळ्या कुरणांवरून वारा वाहत होता, आणि त्या काळोखात दोन स्वर एकापाठोपाठ एक येत होते. म्हातारा उंबऱ्यात उभा राहिला. त्यानं क्षितिजाकडे पाहून एकच शब्द उच्चारला.

"नाव घेतलं तिचं," हेमांगी म्हणाली. "घोडीचं. हाक नाही मारली. नुसतं नाव घेतलं."

यावर मात्र जुईली मागे वळली नाही. जन्मभर जगाचं बोलणं आईपर्यंत पोचवलेली ती मुलगी. आज कळत नव्हतं तिला, आणि सांगत होती आई. ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली, आणि पडदा अंधारेपर्यंत तशीच राहिली.

बाहेर आल्या तेव्हा तळ्यावर संध्याकाळ पसरली होती. जांभळी, केशरी, आणि मग कशातच न मोडणारी एक हळवी, विरघळती छटा. पायऱ्यांवर एक उंच, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाई त्यांची वाट पाहत थांबल्या होत्या. मागच्या रांगेत बसलेल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. शुद्ध मराठीत आयुष्यभर शिकवलं तरी मायेनं बोलायचं तर त्यांना मालवणीच लागायची.

त्यांनी जुईलीच्या गालाला हात लावला. "गो चेडवा, काळोखात सांगत होती ती तू, काय तुझी आवस? माका शेवटपर्यंत कळाक नाय. दोघींचो गळो एकच गो! तुझो जरा बेगीन, तिचो जरा सावकाश, इतकोच काय तो फरक."

त्या निघून गेल्या. हेमांगीला त्यांचे ओठ बाजूनं दिसले होते, अर्धेच.

"काय म्हणाल्या गं त्या?"

जुईली हसत होती. "म्हणाल्या, आपल्या दोघींचा आवाज एकच आहे. अंधारात ओळखूच आला नाही."

"पुन्हा सांग."

"आपला आवाज एकच आहे, आई. बाबाही म्हणतात. आत्याही. सगळेच म्हणतात." आणि मग तिचं हसू थांबलं. सगळेच म्हणायचे, पण आईला ते कधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

हेमांगी पायरीवर खाली बसली.

तापाच्या आदल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात एका शिक्षकानं टेपरेकॉर्डर आणला होता. तिनं मुलांना सूचना दिल्या होत्या, त्या त्यानं गुपचूप भरून घेतल्या आणि सगळ्यांसमोर वाजवल्या. ती लाजेनं लाल झाली होती. शी, हा माझा आवाज? इतका पातळ? वाक्य संपताना असा वर उचलला जाणारा, जणू प्रत्येक गोष्ट विचारतेच आहे? सगळे म्हणाले, अहो बाई, अगदी असाच आहे तुमचा! दोन दिवस ती त्या आवाजाला नावं ठेवत होती. मग विसरून गेली. आज सव्वीस वर्षांनी तो पातळ, किंचित खरखरीचा, टोकाला उचललेला आवाज तिच्या आत कुठूनतरी वर येत होता, पाण्याखालून कमळाचा देठ यावा तसा. कोकिळा नव्हती त्यात, घंटा नव्हती.

"काहीतरी बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. बोल."

जुईलीनं इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या रस्त्यानं खाकी कपड्यांतला एक कंडक्टर तिकिटाची पेटी काखेत मारून चालला होता. तिनं मान उंच करून त्याला हाक मारली, "ओ काका, साडेसहाची वेंगुर्ला लागली का हो?"

हेमांगी तिच्या ओठांकडे पाहत होती. आणि त्या ओठांवर, शब्दागणिक, तो आवाज अलगद बसत गेला. *ओ काका.* पातळ. *साडेसहाची.* किंचित खरखर. *वेंगुर्ला लागली का हो*, आणि टोकाला तो वर उचललेला, आकाशाला काहीतरी विचारणारा हेल.

तिनं लेकीचा हात घट्ट धरला. डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत.

"काय झालं गं?"

"काही नाही. पातळ आहे गं तुझा आवाज," हेमांगी म्हणाली. "छान आहे. फार छान आहे."

जानेवारीत जुईली गेली. घर ओकंबोकं झालं. पूर्वी हेमांगीला नुसती लेक हवीशी व्हायची. आता लेकीचा आवाज हवासा व्हायचा, रोज, नेमका, तहानेसारखा. ज्याला रूप नव्हतं त्या विरहाला आता रूप आलं होतं, आणि रूप आलं म्हणून तो अधिक दुखायचा. पण तिला तो परत द्यायचा नव्हता.

माघातली एक दुपार. वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. कवडशात धूळ तरंगत होती, सोनेरी, संथ, निवांत. मेजावरचा फोन थरथरला. हेमांगीनं चष्मा चढवला. लेकीनं दोन ओळी लिहिल्या होत्या.

तिनं त्या वाचल्या, आणि त्या अक्षरांतून तो पातळ, टोकाला उचललेला स्वर सात समुद्र ओलांडून तिच्या कानांशी आला:

*आई, काल रात्रीपासून बर्फ पडतंय. इतकं पडतंय, इतकं पडतंय, आणि काही आवाजच होत नाही गं.*